कामाच्या दिवशी बेक्ड पास्ता : पाकिटापासून ओव्हनपर्यंतच्या सामानाचे परीक्षण

बेक्ड पास्ता हा झटपट होणारा पदार्थ आहे, असा एक समज जाहिरातींनी आणि पाककृतींच्या चित्रफितींनी रुजवला आहे. घड्याळ लावून पाहिले तर तो खरा नाही. ओव्हन तापवण्यापासून ताटात वाढण्यापर्यंत या पदार्थाला सव्वा तास सहज लागतो आणि तेवढ्या वेळात वरण, भात, भाजी आणि पोळ्या असा साधा स्वयंपाक अनेक घरांत आटोपलेला असतो. तरीही कामाच्या दिवसांसाठी त्याची शिफारस करावीशी वाटते, कारण या सव्वा तासापैकी ओट्यापाशी उभे राहण्याचा वेळ, सामान नीट निवडलेले असेल तर, पंधरा ते वीस मिनिटांपेक्षा जास्त नसतो. उरलेला वेळ पदार्थ आपला आपण शिजत असतो, आणि तेवढ्यात मुलांचा अभ्यास, दुसऱ्या दिवशीची तयारी किंवा नुसते टेकणे होऊ शकते. म्हणून या परीक्षणात पास्त्याचे पाकीट, सॉस, चीज, भांडे आणि ओव्हन या पाचही गोष्टींना मी एकच कसोटी लावली आहे : ही वस्तू उभे राहण्याचा वेळ कमी करते की वाढवते? चव अर्थातच महत्त्वाची, पण चवीसाठी तासभर ढवळत राहायचे असेल तर तो रविवारचा बेत झाला. इटलीच्या दक्षिण भागात भट्टीत भाजलेला पास्ता हा मुळात रविवारचा आणि सणासुदीचाच पदार्थ आहे. तिकडे मांसाचा रस्सा कित्येक तास मंद आचेवर ठेवला जातो आणि शिजवलेला पास्ता, रस्सा व चीज यांचे थर लावले जातात. त्याला आठवड्याच्या मधल्या वारी आणले ते मुख्यतः अमेरिकेतील इटालियन वंशाच्या घरांनी आणि बाटलीबंद सॉसने.

सामानाकडे वळण्यापूर्वी पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण कोणती वस्तू चांगली हे पद्धतीवरच ठरते. नेहमीच्या पद्धतीत दर १०० ग्रॅम पास्त्याला सुमारे एक लिटर खारट पाणी उकळायचे, पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटे आधी पास्ता उतरवून निथळायचा, दुसऱ्या शेगडीवर सॉस करायचा, तिसऱ्या भांड्यात मैदा, लोणी आणि दूध घोटून पांढरा सॉस करायचा आणि मग हे सगळे एकत्र करून ओव्हनमध्ये सारायचे. यात तीन भांडी आणि एक चाळणी खरकटी होते आणि दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. दुसरी पद्धत न उकळण्याची. कोरडा पास्ता थेट काचेच्या भांड्यात घालायचा, त्यावर टोमॅटोचा सॉस आणि उकळते पाणी ओतायचे, घट्ट झाकायचे आणि ओव्हनच्या हवाली करायचे. पास्ता सॉसमध्येच शिजतो, त्यातून सुटणारा स्टार्च निथळून वाया न जाता रसातच राहतो आणि रस त्यामुळे आपोआप आळतो. माझा कौल या दुसऱ्या पद्धतीला आहे आणि पुढचे सगळे मूल्यमापन तिच्याच अंगाने केले आहे.

तिचे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. २५० ग्रॅम पेने, म्हणजे तिरप्या कापलेल्या नळ्यांचा पास्ता, घेतला तर सॉस आणि पाणी मिळून साधारण ८०० ग्रॅम ओलावा हवा, म्हणजे पास्त्याच्या वजनाच्या तिपटीहून थोडा अधिक. बाटलीतला दाट सॉस असेल तर ४०० ग्रॅम सॉस आणि ४०० मिलिलिटर पाणी घ्यावे. घरी केलेला पातळ सॉस असेल तर ६०० ग्रॅम सॉस आणि २०० मिलिलिटर पाणी पुरते. पाणी उकळतेच असावे. गार पाणी घातले तर पहिली दहा-बारा मिनिटे ते तापण्यातच जातात आणि तेवढ्यात पास्ता बाहेरून भिजून चिकट होऊ लागतो. २०० अंश सेल्सिअसला झाकून ३० ते ३५ मिनिटे ठेवावे, मग झाकण काढून एकदा तळापासून हलवावे, वर चीज पसरावे आणि पुन्हा १० ते १२ मिनिटे उघडे भाजावे. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे मुरू देणे हा या कृतीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. भूक लागलेली मुले समोर बसलेली असताना तो अवघड वाटतो हे मान्य, पण ओव्हनमधून काढताना कडेला दिसणारा पातळ रस याच वेळात आत ओढला जातो. ज्यांनी घाईने वाढले त्यांनी ‘पाणचट झाला’ अशी तक्रार करू नये.

आता पाकीट. पाचही वस्तूंपैकी सर्वाधिक फरक हीच वस्तू पाडते, आणि बाजारात सर्वाधिक गोंधळही हिच्याच बाबतीत आहे. दुकानाच्या एकाच फळीवर पास्ता या नावाने तीन वेगळ्या जातीच्या वस्तू मांडलेल्या असतात. पहिली ड्युरम गव्हाच्या रव्याची, दुसरी साध्या गव्हाच्या रव्याची किंवा मैद्याची, आणि तिसरी मसाल्याची पुडी आत असलेली झटपट पाकिटे. तिसऱ्या प्रकाराचा इथे विचारच करण्याचे कारण नाही. ती भूक भागवण्याची वेगळी सोय आहे आणि तिचे माप एका पातेल्यातल्या पाच-सात मिनिटांच्या शिजण्यासाठी ठरवलेले असते. खरी निवड पहिल्या दोनांत आहे. ड्युरम हा कठीण दाण्याचा गहू. त्याचा रवा पिवळसर असतो, त्यातील प्रथिनांचे जाळे घट्ट असते आणि शिजताना ते स्टार्चला धरून ठेवते. त्यामुळे अर्धा तास गरम रसात राहूनही नळी नळीच राहते. साध्या गव्हाचा पास्ता उकळून लगेच खाण्यास वाईट नाही आणि स्वस्तही असतो. पण न उकळण्याच्या पद्धतीत त्याची बाहेरची बाजू विरघळते, मधली कच्चट राहते आणि शेवटी भांड्यात मैद्याची खळ तयार होते.

इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता ड्युरम गव्हाच्याच रव्याचा असावा असे बंधन घातले. आपल्याकडे तसे बंधन नसल्याने पाकिटाची मागची बाजू वाचण्याला पर्याय नाही. घटकांच्या यादीत ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसते ‘व्हीट सेमोलिना’, ‘सूजी’ किंवा ‘रवा’ असे असेल तर ड्युरम गृहीत धरू नये. पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅममागे प्रथिने १२ ग्रॅम किंवा अधिक असतील तर पाकीट निर्धास्तपणे उचलावे. १० च्या खाली असतील तर तो पास्ता उकळूनच वापरावा. रंगावर मात्र विसंबू नये. ड्युरमचा पिवळेपणा नैसर्गिक असतो, पण तोच पिवळेपणा रंग घालूनही आणता येतो, आणि तसे केले असल्यास त्याचा उल्लेख यादीत सापडतो.

इटलीतून आलेला पास्ताच घ्यावा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. चवीच्या फरकापेक्षा किमतीचा फरक मोठा आहे. आयात केलेले ५०० ग्रॅमचे पाकीट देशी ड्युरम पाकिटाच्या दुप्पट किमतीला सहज जाते, आणि टोमॅटो-चीजखाली भाजलेल्या पदार्थात त्या जादा पैशांची चव फारशी उतरत नाही. अपवाद एकाच गोष्टीचा. काशाच्या साच्यातून काढलेल्या पास्त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि त्याला सॉस अधिक धरतो. पण रेघा असलेला साधा पेने घेतला तर तेही काम बऱ्यापैकी होते. ड्युरम गहू आपल्याला परका आहे असेही नाही. महाराष्ट्रात बन्शी आणि बक्षी या नावांनी ज्येष्ठांना आठवणारे गहू ड्युरमच होते, माळव्यात आणि गुजरातच्या भाल भागात ड्युरम आजही पिकतो, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ ही सुमारे १४.७ टक्के प्रथिने असलेली ड्युरम जात विकसित केलेली आहे. तेव्हा ‘भारतीय गव्हाचा पास्ता टिकत नाही’ हे सरसकट विधान चुकीचे आहे. टिकत नाही तो साध्या गव्हाचा.

आकारांत पेने, पिळदार फुसिली आणि जाड नळ्यांचा रिगातोनी हे या पद्धतीला उत्तम. कोपराच्या आकाराची मॅकरोनी मुलांना प्रिय असते आणि ती चालते, फक्त झाकून ठेवण्याची वेळ आठ-दहा मिनिटांनी कमी करावी. फुलपाखराच्या आकाराचा फार्फाले टाळावा, कारण त्याची मधली चिमटलेली जागा जाड असते आणि पंख मऊ पडले तरी ती दाताखाली येते. स्पॅगेटी या भांड्यात एकमेकींना चिकटून जुडी होऊन बसते. ज्वारी, नाचणी किंवा मिश्र भरडधान्यांचा पास्ता हल्ली आवर्जून घेतला जातो. त्याच्या गुणांविषयी काही म्हणणे नाही, मात्र ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसलेला पास्ता तीस मिनिटे सॉसमध्ये ठेवला तर त्याचे तुकडे पडतात. तो वेगळा उकळून, सॉसमध्ये घोळवून, फक्त चीज वितळेपर्यंत भाजावा. कणकेचा पास्ता या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. पाणी ५० मिलिलिटरने वाढवले तर तो जमतो.

सॉसच्या बाबतीत माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. बाटलीतला सॉस वेळ वाचवतो असे सगळे म्हणतात, आणि अमेरिकेतल्या घरांसाठी ते खरेही असेल. आपल्याकडे मात्र प्रेशर कुकर नावाची सोय प्रत्येक घरात आहे आणि ती बाटलीशी चांगली बरोबरी करते. एक किलो टोमॅटो अर्धे चिरून, एक कांदा, एक गाजर, सहा-सात लसूणपाकळ्या, दोन चमचे तेल आणि थोडे मीठ एवढे कुकरमध्ये घालून, अगदी थोडे पाणी शिंपडून दोन शिट्ट्या काढायच्या. वाफ जिरल्यावर मिक्सरमधून फिरवायचे. यात उभे राहण्याचा वेळ म्हणजे चिरण्याची पाच-सात मिनिटे, आणि एका खेपेत दीड वेळच्या बेक्ड पास्त्याचा सॉस होतो. गाजर सजावटीसाठी नाही. आपला बाजारातला संकरित टोमॅटो वाहतुकीत टिकावा म्हणून टणक असतो, आणि त्याचा रस आंबट लागतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून शहरांत येणाऱ्या मालाचा मोठा भाग असाच असतो. गाजर त्या आंबटपणाला साखरेशिवाय आवरते आणि रसाला अंग देते. श्रावणात किंवा एरवीही कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत त्याजागी दुधी भोपळ्याच्या दोन फोडी आणि हिंग घालावा. बाटलीतल्या सॉसमध्ये लसूण जवळपास नेहमीच असतो, त्यामुळे अशा घरांना हाच मार्ग उरतो.

बाटलीच घ्यायची असेल तर काय पाहावे? पहिला घटक टोमॅटो असावा, आणि घट्टपणा टोमॅटोचाच असावा, मक्याच्या स्टार्चचा नसावा. ‘पिझ्झा आणि पास्ता सॉस’ अशा दुहेरी नावाने पिळण्याच्या बाटलीत मिळणारे बहुतेक सॉस गोड आणि स्टार्चने दाट केलेले असतात. ब्रेडवर किंवा पिझ्झ्याच्या बेसवर ते ठीक लागतात, पण भांड्यात पास्त्याचा स्टार्च आणि बाटलीतला स्टार्च एकत्र आले की मिश्रण शिजण्याआधीच गिच्च होते. काचेच्या बरणीतले सॉस तुलनेने बरे. त्यांत मीठ बऱ्यापैकी असते आणि आपण तेवढेच पाणी घालत असल्याने ते प्रमाण योग्य जागी येते, म्हणून वरून मीठ घालू नये. हवे तर लसूण ठेचून आणि ओरेगॅनो चुरून घालावा, कारण पाण्याने वास मात्र नक्कीच पातळ होतो. नुसती टोमॅटो प्युरी हा तिसरा पर्याय स्वस्त आणि प्रामाणिक आहे, पण ती कच्चट लागते. तिला तेल-लसणाच्या फोडणीत पाच मिनिटे परतणे भाग पडते, म्हणजे पुन्हा उभे राहणे आलेच.

पांढऱ्या सॉसला या कसोटीवर मी नापास करतो. २५ ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा आणि अर्धा लिटर दूध घेऊन गुठळ्या न होऊ देता घोटण्याला दहा-बारा मिनिटे सलग लक्ष द्यावे लागते, आणि दमलेल्या माणसाकडे नेमके तेच नसते. मुलांना ‘पिंक सॉस’ हवा असतो, म्हणून अनेकजण टोमॅटोच्या रसातच दूध ओततात. आंबट रसात अर्धा तास तापले की दूध फाटते आणि पदार्थावर पांढरे कण तरंगतात. त्याऐवजी १०० ग्रॅम पनीर तेवढ्याच दुधाबरोबर मिक्सरमधून गुळगुळीत फिरवून घ्यावे, चिमूटभर मीठ आणि मिरपूड घालावी, आणि झाकण काढल्यावर, चीज पसरण्याआधी, त्याचे चमचे-चमचे ठिकठिकाणी सोडावेत. इटालियन पाककृतींत रिकोटा हे मऊ, ताजे चीज जे काम करते ते हे मिश्रण पुरेसे करते, त्याला गॅस लागत नाही, आणि पनीर तर कोपऱ्यावरच्या डेअरीतही मिळते.

चीजच्या खरेदीत लोक जास्त पैसे घालतात आणि कमी वाचतात. भाजलेल्या पास्त्यावर दोन गोष्टी हव्या असतात, तार सुटणे आणि खरपूस तांबूस डाग पडणे. या दोन्ही गोष्टी कमी ओलाव्याच्या मोझरेल्याने साधतात. अमूलसह अनेक डेअऱ्यांचे असे मोझरेला आता निमशहरी दुकानांतही मिळते. चौकोनी क्यूबच्या रूपात घरोघरी असलेले प्रोसेस्ड चीज वितळते, पण त्यात घातलेल्या इमल्सिफायिंग क्षारांमुळे ते सॉससारखे पसरते आणि तार धरत नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. मोझरेला जवळजवळ अळणी असते, म्हणून ८० ग्रॅम मोझरेल्यात एक क्यूब किसून घातला तर खारटपणा येतो आणि वेगळे महागडे चीज विकत घ्यावे लागत नाही. पाण्यात बुडवून विकले जाणारे ताजे मोझरेला मात्र या पदार्थावर वाया जाते, कारण त्याचे पाणी सुटते आणि वरचा थर भाजण्याऐवजी उकडतो.

आधीच किसलेल्या चीजची पिशवी उभे राहण्याचा वेळ वाचवते, म्हणून माझ्या कसोटीनुसार तिला गुण मिळायला हवेत. पण कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते, आणि त्यामुळे ते थोडे कोरडे वितळते. शिवाय वजनाच्या मानाने ते महाग पडते. १०० ग्रॅम चीज किसायला दोन मिनिटे लागतात, ठोकळा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवला तर त्याहून कमी. खरी सावधगिरी वेगळ्याच वस्तूबाबत बाळगावी. चीजच्या शेजारी, चीजसारख्याच पिशवीत, पाम तेल किंवा अन्य वनस्पती तेल आणि स्टार्च यांपासून केलेले पदार्थ स्वस्तात मिळतात. ते वितळतात, पण तेल सोडतात आणि जिभेवर मेणासारखा थर ठेवतात. घटकांच्या यादीत दुधाआधी तेल दिसले की पिशवी परत ठेवावी. कडक शाकाहारी घरांसाठी आणखी एक सूचना. भारतीय कंपन्यांच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट (दूध साकळवणारे विकर) नसते, पण इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये ते नियमानेच असते. वरून भुरभुरवण्यासाठी ते आणण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पास्ता आणि चीज या दोहोंवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झालेला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीची पाकिटे अजून फळीवर दिसली तर बिल तपासून घ्यावे.

भांड्याविषयी थोडक्यात. दोन लिटरच्या आसपास क्षमतेचे, काचेचेच झाकण असलेले बोरोसिलिकेट कॅसरोल ही माझी निवड आहे, उघड्या आयताकृती डिशपेक्षा वरचढ. उघड्या डिशवर दर वेळी ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवावी लागते, कडेने वाफ निसटली तर वरच्या नळ्या कोरड्या राहतात, आणि टोमॅटोचा आंबट रस फॉइलला लागला तर तिला बारीक भोके पडू शकतात. झाकण हे सगळे प्रश्न एका झटक्यात मिटवते. काच घेताना ती बोरोसिलिकेट आहे की नुसती कडक केलेली साधी काच, हे पाहावे. पहिली उष्णतेने फार कमी प्रसरण पावते. तरीही २०० अंशांवरून काढलेले भांडे ओल्या ओट्यावर किंवा दगडी कट्ट्यावर ठेवण्याचे धाडस करू नये, लाकडी पाट किंवा जाड कापड खाली घ्यावे, आणि ते गॅसच्या ज्योतीवर तर कधीच चढवू नये. ॲल्युमिनियमचे केकचे भांडे स्वस्त आहे, पण टोमॅटोच्या आंबट पदार्थासाठी ते योग्य नाही.

ओव्हन हा सर्वांत मोठा खर्च, आणि नेमक्या याच बाबतीत आपल्या घरांसाठी लिहिलेली माहिती कमी आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृती अमेरिकेतल्या भिंतीत बसवलेल्या मोठ्या ओव्हनसाठी असतात. त्यांत ४५४ ग्रॅमचा एक पौंडाचा डबा आणि १३ इंच लांबीचे भांडे गृहीत धरलेले असते. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते सोयीचे आहे, पण इकडच्या १५-१६ लिटरच्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ते भांडे शिरतच नाही, कारण ३३ सेंटिमीटर लांबीवर दोन्ही कडांच्या मुठी वेगळ्या असतात. म्हणून आधी भांडे ठरवावे, मुठींसह त्याची लांबी मोजावी आणि मगच ओटीजी घ्यावा. लिटरचा आकडा आतल्या एकूण घनफळाचा असतो, भांडे किती लांबीचे मावेल हे तो सांगत नाही. चार माणसांच्या घराला २५ ते ३० लिटरचा ओटीजी पुरतो.

त्याहून मोठा नको, कारण मोठा ओव्हन तापण्यात वेळ आणि वीज दोन्ही खातो. या आकाराचे ओटीजी साधारण १५०० वॉटच्या आसपास असतात. पूर्ण तासभर सलग चालला तरी दीड युनिटापेक्षा अधिक वीज लागत नाही, आणि थर्मोस्टॅट मधून मधून तापणाऱ्या कांड्या बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच लागते. मात्र त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा. मिक्सरच्या साध्या प्लगमध्ये पिनेचे रूपांतर करणारी चकती घालून तो चालवणे धोक्याचे आहे, आणि जुन्या इमारतींत ओट्यावर एकच पॉवर प्लग असेल तर मायक्रोवेव्ह, गीझर आणि हा यांची पाळी लावावी लागेल याचा आधीच विचार करावा. वरची आणि खालची कांडी वेगवेगळी चालवता येणे ही सोय या पदार्थासाठी अत्यावश्यक आहे. पहिली तीस मिनिटे दोन्ही, आणि चीज घातल्यावर वरची जोरात. पंखा, रोटिसरी (फिरती सळई), सोळा तयार मेनू या गोष्टींसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही. एक छोटी, स्वस्त वस्तू मात्र जरूर घ्यावी : आत टांगायचा तापमापक. ओटीजीच्या बटणावर २०० लिहिलेले असले तरी आत १७५ असू शकते किंवा २२०ही, आणि न उकळलेल्या पास्त्यात या फरकाचा हिशेब थेट दाताखाली येतो.

ज्यांच्याकडे कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आहे त्यांनी वेगळा ओटीजी घेऊ नये. काम होते, फक्त वरून भाजणे थोडे फिकट राहते. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये चीज वितळते पण तांबूस होत नाही. एअर फ्रायरच्या टोपलीत मावणारे भांडे दोन माणसांपुरते असते आणि त्याचा पंखा वरचा थर आतला पास्ता शिजण्याआधीच सुकवतो, तेव्हा त्यात शेवटची भाजणीच करावी. ओव्हन नसलेल्या घरांनी जाड बुडाच्या झाकणाच्या कढईत हाच पास्ता, हेच प्रमाण ठेवून, मंद आचेवर अठरा-वीस मिनिटांत करावा. चीज वर पसरून झाकण ठेवले की तार सुटेल. खरपूसपणा येणार नाही, पण केवळ त्या एका थरासाठी काही हजारांचे यंत्र आणण्याची सक्ती नाही. रवा भाजून आणि लोण्यात परतून वर भुरभुरवला तर कुरकुरीतपणाची उणीव निम्मी भरून निघते.

भाज्यांच्या बाबतीत एकच पथ्य : जिला पाणी सुटते ती आधी परतावी किंवा पाणी कमी करावे. ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, बारीक चिरलेली फरसबी थेट कच्ची चालते. मशरूम, पालक आणि दुधी यांच्यासाठी पाण्यातून प्रत्येक वाटीमागे ५० मिलिलिटर वजा करावे. खिमा घालायचा असेल तर तो पूर्ण शिजवूनच घालावा.

आदल्या रात्री सगळे भांड्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावे आणि संध्याकाळी नुसते ओव्हनमध्ये सारावे, ही कल्पना आकर्षक वाटते, पण या पद्धतीत ती बाद ठरते. कोरडा पास्ता रात्रभर गार रसात भिजतो, फुगतो आणि भाजताना लगदा होतो. रविवारी सॉस करून ठेवावा, चीज किसून डब्यात भरावे, पनीरचे मिश्रण ऐनवेळी फिरवावे आणि पास्ता भांड्यात शेवटच्या क्षणी घालावा. शिजलेला पदार्थ मात्र चांगला टिकतो. दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी गार असतानाच त्याच्या सुरीने नीट चौकोनी वड्या पडतात. डब्यासाठी त्या वडीवर एक चमचा दूध शिंपडून, झाकून, मधोमध वाफ येईपर्यंत गरम करावी. न झाकता गरम केली तर चीज कातड्यासारखे होते आणि डबा निम्मा परत येतो.